माणूस बदलला, गिऱ्हाईक तेच

प्रश्न थोडक्यात असा: २०१८ साली टेक्ससमधल्या ‘डिफेन्स डिस्ट्रिब्युटेड’ या थ्रीडी बंदुकांच्या कंपनीची सूत्रं संस्थापक कोडी विल्सनकडून पलोमा हाइनडॉर्फ या मूळच्या कलाक्षेत्रातल्या बाईंकडे गेली. तुम्ही एमबीएच्या प्रोजेक्टसाठी ही केस घेतलीय आणि विचारताय की चाकोरीबाहेरचा माणूस अशा वादग्रस्त कंपनीला वेगळं वळण लावू शकतो का, आणि या बाईंनी नेमकं काय वेगळं केलं.

आधीच सांगतो, मी बंदूकवाला नाही. भोसरीत टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली, आता शेडच्या एका कोपऱ्यात तीन थ्रीडी प्रिंटरही आहेत. २०१३ मध्ये ती प्लॅस्टिकची पिस्तूल बातम्यांत आली तेव्हा आमच्याकडे आठवडाभर चहाला दुसरा विषय नव्हता. तेव्हापासून या कंपनीवर नजर आहे, एवढाच माझा अधिकार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: काहीच वेगळं केलं नाही. आणि करतील अशी अपेक्षा ज्यांनी ठेवली, त्यांनी त्या काही महिन्यांतल्या बातम्या नीट वाचल्या नव्हत्या.

ते महिने असे होते. जून २०१८ च्या अखेरीस अमेरिकी परराष्ट्र खात्याने या कंपनीशी तडजोड केली. बंदूक छापायच्या डिझाइनच्या फाइली इंटरनेटवर टाकणं म्हणजे शस्त्रांची निर्यात, असं म्हणत याच खात्याने २०१३ मध्ये त्या तिथून काढायला लावल्या होत्या. पाच वर्षं भांडून झाल्यावर खात्याने माघार घेतली, वर खर्चापोटी जवळजवळ ४० हजार डॉलरही मोजले. १ ऑगस्टपासून फाइली खुल्या होणार होत्या. ३१ जुलैला सिएटलच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश रॉबर्ट लास्निक यांनी त्याला स्थगिती दिली आणि २७ ऑगस्टला ती पुढे चालू ठेवली. मात्र आदेशात त्यांनी असंही नमूद केलं की इंटरनेटवर टाकायला बंदी असली तरी देशांतर्गत ईमेलने, टपालाने या फाइली देता येतात. विल्सन कायद्याचा विद्यार्थी होता, डिग्री अर्धवट सोडलेला. दुसऱ्याच दिवशी त्याने ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणत पेनड्राइव्ह टपालाने विकायला काढले. न्यायाधीशाच्याच वाक्यावर दुकान थाटलं म्हणा ना.

मग १९ सप्टेंबरला अल्पवयीन मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली त्याच्यावर वॉरंट निघालं. स्वारी तोवर तैवानला पोहोचली होती. तैपेईत धरला आणि परत पाठवला. त्याने राजीनामा दिला आणि २५ सप्टेंबरला ऑस्टिनमध्ये हाइनडॉर्फ पत्रकारांसमोर आल्या. विल्सनचा आता कंपनीत काही संबंध नाही, आणि काम आहे तसं चालू राहील, असं त्यांनी सांगितलं. हे दुसरं वाक्य बऱ्याच लोकांच्या कानावरून गेलं. मथळे झाले ते बाई, कलाकार आणि बंदुका या तीन शब्दांचे.

त्या काही परवा बाहेरून आणून खुर्चीत बसवलेल्या नव्हत्या. जवळपास तीन वर्षं त्याच कंपनीत होत्या आणि विल्सनच्या हाताखाली कामकाजाची मोठी जबाबदारी सांभाळत होत्या. तुमच्या-माझ्यासाठी त्या चाकोरीबाहेरच्या, कंपनीसाठी घरच्याच. आपल्याकडे मालकाचं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्या दिवशी गोडाऊनची किल्ली ज्याच्याकडे असते तोच शटर उघडतो. इथे तेच झालं.

आता त्यांच्या हातात काय आलं ते बघा, कारण खरी गोम तिथे आहे.

लोकांना वाटतं ही कंपनी प्लॅस्टिकच्या पिस्तुली विकते. ती पिस्तूल, ‘लिबरेटर’, ही जाहिरात होती. सोळा भाग, त्यातले पंधरा प्रिंटरवर छापलेले आणि सोळावा साधा खिळा. एका वेळी एकच गोळी. मेटल डिटेक्टरला सापडणार नाही अशी बंदूक अमेरिकेत १९८८ पासून बेकायदा आहे, म्हणून आत लोखंडाचा एक ठोकळा घातलेला, ज्याचा गोळी मारण्याशी काही संबंध नाही. दोन दिवसांत ती फाइल सुमारे एक लाख वेळा डाउनलोड झाली. सरकारी शस्त्रखात्याने स्वतः छापून चाचण्या घेतल्या, तेव्हा एबीएस या नेहमीच्या प्लॅस्टिकची पिस्तूल आठ वेळा चालली आणि दुसऱ्या एका प्लॅस्टिकची पहिल्याच गोळीला फुटली. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. एबीएसमध्ये छापलेली ब्रॅकेट हातात घेऊन थरांच्या रेषेवर वाकवून पाहा, वाळकी फांदी मोडावी तशी कट्‌दिशी मोडते. थराच्या आडवं वाकवलीत तर बराच वेळ दम धरते. आमच्याकडे नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला हाच तुकडा मोडायला देतो. आता त्याच तुकड्याच्या आत स्फोट घडवायचा, तोही आपल्या मुठीपासून दोन बोटांवर, अशी कल्पना करा.

कंपनीचं पोट चालायचं ते ‘घोस्ट गनर’वर. २०१४ पासून विकत होते. हे प्रिंटर नाही, टेबलावर मावणारं छोटं सीएनसी मिलिंग मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कोरणारं यंत्र आहे. किंमत तेव्हा हजार-दोन हजार डॉलरच्या दरम्यान. आमच्या व्हीएमसी या मोठ्या मिलिंग मशीनच्या शेजारी ठेवलं तर कुणी डब्याचं कपाट समजेल. पण त्यामागचं डोकं मानावं लागतं. अमेरिकेत एआर-१५ रायफलीचा जो मधला सांगाडा असतो, फक्त तोच कायद्याने ‘बंदूक’. सीरियल नंबर त्याच्यावर, विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकाची चौकशीही त्याच्यासाठीच. नळी, दस्ता, बाकी सगळं सुटे भाग म्हणून मिळतं. आणि हा सांगाडा अर्धाकच्चा असेल, तिकडच्या भाषेत ‘ऐंशी टक्के’, तर तेव्हा तो कायद्याच्या लेखी ॲल्युमिनियमचा ठोकळाच. उरलेलं वीस टक्के मशीनिंग ज्याने त्याने घरी करायचं. ते काम हे मशीन करून देतं. नंबर नसलेली बंदूक म्हणून तिचं नाव ‘घोस्ट गन’, आणि मशीनचं नाव त्यावरून.

म्हणजे हाइनडॉर्फ यांच्याकडे काय आलं? एक मशीन, ज्याचा उपयोगच मुळी नंबर नको असलेल्यांना. टपालाने जाणारे पेनड्राइव्ह. अनेक राज्यांच्या सरकारांशी चालू असलेले खटले. आणि एक गिऱ्हाईक, ज्याने मशीनसाठी पैसे मोजले ते ‘सरकारला विचारल्याशिवाय मी हे करू शकतो’ या भावनेसाठी. यातलं काय बदलायचं? मशीनवर नंबर कोरायची सोय दिली तरी कोण घेणार होतं? पेनड्राइव्ह बंद केले असते तर कोर्टात ‘हा आमचा अभिव्यक्तीचा हक्क आहे’ असं ओरडून सांगणारा वकील दुसऱ्या दिवशी तोंडघशी पडला असता. त्या बाईंना बदल करायचा होता असं मी म्हणत नाही, त्यांच्या बोलण्यात तसं कुठे दिसलंही नाही. पण मनात असतं तरी जागाच नव्हती.

ज्याने खरंच बदल करून पाहिला त्याचं काय झालं, हे तुमच्या प्रोजेक्टला जास्त उपयोगी पडेल. नाव एड शुल्ट्झ, स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीचे प्रमुख.

ही दीडशे वर्षांची जुनी पेढी १९८७ मध्ये टॉमकिन्स नावाच्या ब्रिटिश समूहाने ११.२५ कोटी डॉलरना घेतली होती. या समूहाकडे एकेकाळी पावाच्या बेकऱ्याही होत्या, त्यावरून तिकडचे पत्रकार पाव आणि बंदुका असा विनोद करायचे. शहरांनी बंदूक कंपन्यांवर भरपाईचे दावे लावायला सुरुवात केली, तेव्हा शुल्ट्झनी १७ मार्च २००० रोजी क्लिंटन सरकारशी करार केला. प्रत्येक पिस्तुलीला कुलूप, दुकानदारांवर अटी, आणि उत्पन्नाचे दोन टक्के ‘स्मार्ट गन’वर, म्हणजे मालकाच्याच हातात चालेल अशा बंदुकीवर खर्च करायचे. कागदावर बघितलं तर शहाणपणाचा सौदा. दावे टळणार होते, नव्या तंत्रज्ञानात पहिला नंबर लागणार होता.

गिऱ्हाइकाने कागद बघितलाच नाही. त्याने बघितलं की आपली कंपनी सरकारला फितूर झाली. बहिष्कार पडला, दुकानदारांनी माल ठेवणं बंद केलं. वर्ष संपायच्या आत शुल्ट्झ गेले, कामगार कमी झाले, आणि मे २००१ मध्ये टॉमकिन्सने ती सगळी कंपनी अवघ्या दीड कोटी डॉलरना विकून टाकली, वर कंपनीचं कर्जही विकत घेणाऱ्याच्या गळ्यात. घेणारा कोण? ॲरिझोनातली सेफ-टी-हॅमर, बंदुकीची कुलपं बनवणारी चिमुकली कंपनी. कुलपाने बुडवलं आणि कुलूपवाल्याने उचललं! नव्या मालकांनी रिव्हॉल्वरच्या बाजूला किल्लीचं एक बारीक भोक ठेवून आतलं कुलूप बसवलं. तिकडचे हौशी लोक त्याला आजही ‘हिलरीचं भोक’ म्हणतात आणि ते नसलेल्या जुन्या रिव्हॉल्वरला जास्त भाव देतात. इतकं सगळं होऊनही राग त्या एका भोकात शिल्लक आहे.

कोल्ट या बंदूक कंपनीचंही थोडंसं असंच. तिथले प्रमुख रॉन स्टुअर्ट यांनी १९९७ च्या अखेरीस व्यवसायाच्या मासिकात लिहिलं की बंदूक बाळगायला देशभर परवाना असावा आणि स्मार्ट गनवर संशोधन व्हावं. पुढच्या वर्षी ते पदावर नव्हते. त्यांच्या जागी आले स्टीव्हन स्लिवा, एका विमानविद्या विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. चाकोरीबाहेरचा म्हणाल तर याहून कोण? तेही फार टिकले नाहीत. हेच स्लिवा पुढे ‘इन्सिटू’ या ड्रोन कंपनीचे प्रमुख झाले आणि ती कंपनी २००८ मध्ये बोइंगने विकत घेतली. माणूस तोच, डोकं तेच. फक्त समोरचं गिऱ्हाईक वेगळं होतं.

म्हणून माझं मत असं की या धंद्यात नेता कुठून आला हे बघूच नका, त्याने गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला हात लावला का ते बघा. हाइनडॉर्फ यांनी लावला नाही, म्हणून कंपनी शाबूत राहिली. शुल्ट्झनी लावला. एखाद्या गावातल्या देवस्थानाच्या ट्रस्टवर इंजिनिअर आला तर लोक चालवून घेतात, पालखीचा रस्ता बदला म्हणाला की संपलं.

कुणी म्हणेल, मग हाइनडॉर्फ म्हणजे नुसत्या बाहुल्या होत्या का? मला तसं वाटत नाही. संस्थापकावर असला आरोप, तो परदेशातून धरून आणलेला, आणि चार दिवसांत कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, त्याची बाजू घ्यायची नाही आणि कंपनीही सोडायची नाही. हे सोपं नाही. मला त्यांचा माल पसंत नाही, पण ते काम त्यांनी चोख केलं.

पुढे काय झालं तेही नोंदवा. विल्सनने २०१९ च्या ऑगस्टमध्ये कमी गंभीर गुन्ह्याची कबुली दिली, सात वर्षांची देखरेख मिळाली, आणि त्याच वर्षी तो कंपनीत परतला. दरम्यान गोष्ट कंपनीच्या हातातूनही सुटली होती. २०२० मध्ये युरोपातल्या एका टोपणनावाच्या माणसाने ‘एफजीसी-९’ नावाच्या बंदुकीच्या फाइली फुकट सोडल्या. तिला कंपनी नाही, खुर्ची नाही, पत्रकार परिषद घ्यायला कुणी नाही. तिथे तुमचा ‘नेतृत्वबदल’ हा विषयच लागू होत नाही. आणि ते ऐंशी टक्क्यांचं प्रकरण अखेर ज्याने आवळलं तो कुठला संचालक नव्हे, सरकारी नियम होता: २०२२ मध्ये आला आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा उचलून धरला.

केस बदलायला अजून वेळ असेल तर हाइनडॉर्फ यांना एका स्लाइडवर ठेवा आणि प्रोजेक्ट शुल्ट्झवर करा. तिथे आकडे आहेत, करार आहे, आधी आणि नंतर दोन्ही आहे.

आणि एक, हसू नका. प्रेझेंटेशनला मॉडेल म्हणून ‘लिबरेटर’ छापून आणायचा विचार असेल तर सोडा. गेल्या वर्षी एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला, ‘काका, गॅदरिंगच्या नाटकासाठी पिस्तूल पाहिजे.’ फाइल उघडली तर नळी आरपार पोकळ आणि मागे खिळ्याची खोबण तयार. नाटकातल्या पिस्तुलीला खिळ्याची खोबण कशाला लागते? आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमात परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणं गुन्हा आहे, आणि ‘अग्निशस्त्र’ या शब्दात त्याचे सुटे भागही येतात, ते बनवायची यंत्रंही. म्हणजे तो पोरगा गेला असता आणि माझे तीन प्रिंटर पंचनाम्यात गेले असते. त्याला थर्माकोल आणि काळ्या रंगाचा डबा दिला. नाटकात पिस्तूल छान दिसली म्हणे.