कमी पैशांत चेहऱ्याची काळजी कशी घ्यावी? घरगुती उपायांतलं खरंच काय उपयोगी पडतं?

तुमचा प्रश्न वाचून धस्स झालं. वय वीस, गालांवर पिंपल्स, ते बसले की मागे राहणारे काळपट डाग, हातात पैसे मोजके आणि महिन्यावर आलेली मुलाखत. त्यात तुम्ही विचारलंय, की लिंबू आणि खायचा सोडा, साखरेचा स्क्रब, पिंपलवर टूथपेस्ट यांपैकी सुरुवात कशाने करू? कशानेच करू नका. आज रात्री काही लावायचा बेत असेल, तर निदान हे वाचून होईपर्यंत थांबा.

तुमच्या वयाची असताना मी वाटीत लिंबू पिळून कापसाने चेहऱ्याला लावलं होतं. झोंबलं, तेव्हा वाटलं की काम करतंय. नंतर घाईघाईत चेहऱ्यावर पाणी मारलं आणि दुपारभर उन्हात होते. दोन दिवसांनी गालाच्या कडेला आणि जबड्याखाली लाल चट्टे उठले, त्यावर बारीक फोड आले. फोड आठवड्याभरात बसले, पण त्यांच्या जागी उमटलेले तपकिरी ओघळ चार महिने गेले नाहीत. रस ज्या वाटेने मानेवर ओघळला होता, बरोबर त्याच वाटेने ते होते.

त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "लिंबू लावलं होतंस का?" लिंबाच्या जातीच्या फळांत, त्यातही सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले यूव्हीए किरण पडले, की त्वचा अक्षरशः भाजते. ही ॲलर्जी नव्हे, त्यामुळे "मला लिंबू कधी बाधत नाही" असं म्हणून सुटका होत नाही. मग त्यांनी चेहऱ्याला आणखी काय काय लावतेस असं विचारलं. मी सांगत गेले आणि अकरा वस्तू झाल्या. एक महिना यातलं काहीही लावायचं नाही, असं त्यांनी बजावलं. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बास. तेव्हा मला वाटलं, डॉक्टरांनी माझं म्हणणं मनावरच घेतलं नाही. महिन्याने आरसा बघितला तेव्हा कळलं, की चेहऱ्यावरचा निम्मा लालपणा त्या अकरा वस्तूंनीच आणलेला होता.

त्याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचा प्रत्येक व्हिडिओ तुम्हाला स्वतःलाच तपासता येईल. त्वचेचा सगळ्यात वरचा थर सुमारे 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असतो, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही कितीतरी पातळ. विटा रचून भिंत बांधावी तशा मृत पेशी एकावर एक बसलेल्या असतात आणि मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. आतलं पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर राहतात ते या भिंतीमुळे. तिची रोजची डागडुजी शरीर आपणहून करत असतं. तिला थोडं आम्लधर्मी वातावरण लागतं, पीएच साधारण 4.5 ते 5.5 (पीएच म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त). लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 असतो. आकड्यांतला फरक लहान दिसतो, पण या मोजपट्टीवर दर एका अंकाला दहापट होते. म्हणजे लिंबाचा रस त्वचेपेक्षा शेकडो पट आम्ल. सोड्याचं पाणी उलट्या बाजूला, 8 च्या वर. दोन्ही एकत्र केल्यावर जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि फेस बसल्यावर उरतं ते खारट पाणी. त्यातही एक जास्त पडला की तो तसाच चेहऱ्यावर. लिंबातल्या सी जीवनसत्त्वाचं म्हणाल, तर 100 ग्रॅम रसात ते 40-50 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे साधारण 0.05 टक्के. चेहऱ्याच्या सी जीवनसत्त्वाच्या सिरममध्ये ते बहुधा 10 ते 20 टक्के असतं. त्या एवढ्याशा मात्रेसाठी भाजून घेण्यात काहीच अर्थ नाही.

टूथपेस्टचंही तेच. ती दातांच्या कवचासाठी केलेली असते. तिच्यातला फेस आणणारा घटक आणि पुदिन्याचा अर्क पिंपलभोवतीची कातडी कोरडी करून सोलून काढतात. पिंपल सुकल्यासारखा दिसतो आणि जागेवर डाग मात्र जास्त गडद राहतो. साखरेचा स्क्रब कोपरांना, टाचांना लावा हवा तर. सुजलेल्या पिंपलवर खरखरीत दाणे घासले, की दाह वाढतो, आणि सावळ्या त्वचेत प्रत्येक दाहाची किंमत डागाने मोजावी लागते.

आता पैसे कुठे घालायचे ते. तीनच गोष्टी घ्या, आणि पैसे अगदीच कमी असतील तर सनस्क्रीनला पहिला मान द्या.

फेसवॉश साधा, बिनवासाचा. अंगाचा साबण बहुतेक वेळा 9-10 पीएचचा असतो, म्हणून चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा होतो. तो ओढलेपणा म्हणजे स्वच्छता असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय, पण ती भिंतीतला चुना धुतला गेल्याची खूण आहे. रात्री एकदा नीट धुवा. सकाळी चेहरा तेलकट नसेल तर नुसतं पाणी पुरतं. पाणी कोमट किंवा गार, कढत नको.

मॉइश्चरायझर घेताना डबीची पुढची बाजू बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. वरच्या चार-पाच नावांत ग्लिसरीन दिसलं तर चांगलं. ग्लिसरीन महागड्या डबीतलं असो की साध्या बाटलीतलं, तो एकच पदार्थ आहे आणि पाणी धरून ठेवण्याचं एकच काम करतो. चेहरा टिपून घ्या, जरा ओलसर असतानाच लावा. "माझी त्वचा तेलकट आहे, मला याची गरज नाही" असं वाटत असेल, तर पातळ लोशन निवडा, पण सोडू नका. पिंपल्सची औषधं सुरू केलीत तर याची गरज दुपटीने लागेल. ओठांना, नाकाच्या फुटलेल्या कडांना साधी पेट्रोलियम जेली लावा. रॉबर्ट चेझब्रो यांनी 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आजही त्वचेतलं पाणी उडून जाण्यापासून रोखणारं तिच्यापेक्षा सरस असं फारच थोडं आहे. पिंपल्स असलेल्या गालांवर मात्र रोज तिचा थर नको, फार चिकट होतं.

सनस्क्रीनबद्दल जरा जास्तच लिहिते, कारण तुमचं खरं दुखणं डागांचं आहे. पिंपल बसल्यावर राहिलेला डाग आपोआप फिका होत असतो, आणि रोजचं ऊन तो पुन्हा पुन्हा गडद करत असतं. सनस्क्रीन न लावता डागांवर काहीही लावणं म्हणजे एकीकडे भांडं घासायचं आणि दुसरीकडे चुलीवर ठेवायचं. एसपीएफ 30 जळवणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतं आणि 50 सुमारे 98 टक्के. पण हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा थर लावून मोजलेले असतात. आपण बहुतेक जण त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतो. म्हणून महागडी 50 ची ट्यूब पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा साधी 30 ची सढळ हाताने लावलेली चांगली. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. "ब्रॉड स्पेक्ट्रम" असं लिहिलेलं बघा, म्हणजे यूव्हीएही अडतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइड घातलेलं मिळालं तर उत्तम, कारण डाग गडद करणारा दृश्य प्रकाशही ते काही प्रमाणात अडवतं, आणि डाग झाकलेही जातात. टोपी, छत्री, सावलीची बाजू यांना तर पैसेही पडत नाहीत. घरी तेलात झिंक ऑक्साइडची पूड कालवून सनस्क्रीन करण्याच्या फंदात मात्र पडू नका. पूड गुठळ्या धरते, कुठे जाड बसते, कुठे बसतच नाही, आणि किती संरक्षण मिळालं हे भाजल्यावरच कळतं.

पिंपल्सवर घरगुती उपाय शोधण्यापेक्षा औषधाच्या दुकानात बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के जेल विचारा. जुन्या तुलनांमध्येही 2.5 टक्क्यांनी 10 टक्क्यांएवढाच सुजलेल्या पिंपल्सवर गुण दिलाय, आग मात्र कमी. आधी एक दिवसाआड, पातळ थर, पिंपल्स येतात त्या सगळ्या भागावर. उशीचा अभ्रा पांढरा घ्या, रंगीत कापडाचा रंग ते उडवतं. बंद तोंडाचे बारीक दाणे जास्त असतील तर ॲडापलिन 0.1 टक्के हे रंध्रं मोकळी ठेवणारं औषध उपयोगी पडतं, पण त्याने सुरुवातीला त्वचा सोलवटते, शिवाय गरोदरपणात ते वापरत नाहीत, म्हणून डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारूनच घ्या. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका. आणि धीर धरा. खरा फरक दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. दहा दिवसांत काही झालं नाही म्हणून औषध बदललं, की पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

मग घरचं काहीच चालत नाही का? चालतं, आणि मी अजूनही करते. माझ्या मते पहिला नंबर ओट्सचा. कोरडे ओट्स मिक्सरमध्ये अगदी पिठासारखे बारीक करायचे. चमचाभर पीठ ग्लासभर पाण्यात ढवळलं आणि पाणी दुधट झालं, तर पुरेसं बारीक झालं असं समजायचं. कोमट पाण्यात सैलसर कालवून दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवायचं, न घासता धुवायचं. खाज, लाली, औषधाने आलेला कोरडेपणा यावर खरंच शांत वाटतं. ओट्समध्ये अ‍ॅव्हेनँथ्रामाइड नावाचे दाह शमवणारे घटक असतात आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 मध्ये बारीक दळलेल्या ओट्सला त्वचासंरक्षक म्हणून मान्यता दिली. मध दहा मिनिटं लावून धुतला तर चेहरा मऊ लागतो, तेवढंच, पिंपल त्याने जात नाही. दह्यात लॅक्टिक आम्ल साधारण 1 टक्का असतं. झोंबत नसेल तर क्वचित लावायला हरकत नाही, फारशी आशा मात्र ठेवू नका. सुजलेल्या पिंपलला स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर लावला तर ठणका कमी होतो. खोबरेल तेल हातापायांना छान, पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्याला नको. ऑलिव्ह तेल मी कुठेच सुचवणार नाही, त्यातलं ओलिइक आम्ल ती भिंत आणखी विस्कळीत करतं. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक वाळताना त्वचा ताणली जाते, धुतलं की संपलं, वर साल्मोनेला जंतूंचा धोका.

घरी केलेलं, पाणी असलेलं काहीही त्याच दिवशी वापरा आणि उरलेलं टाकून द्या. त्यात जंतू रोखणारं काही नसतं. आणि नवी वस्तू, घरची असो की विकतची, आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज लावून बघा.

एका गोष्टीसाठी मात्र हात जोडून सांगते. घटकांची नावं नसलेलं, "सात दिवसांत गोरेपणा" म्हणणारं कुठलंही क्रीम कुणी दिलं तरी लावू नका. अशा डब्यांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड किंवा पारा सापडतो. स्टेरॉइडने चेहरा आधी सुंदर उजळतो, मग त्वचा पातळ होते, आणि बंद करताच लाली आणि पिंपल्स उसळून येतात. पारा मूत्रपिंडाला इजा करतो. म्हणूनच पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारात अशा सौंदर्यप्रसाधनांवर बंदीची तरतूद आहे. तुमचा रंग हा दोष नाही. तुम्हाला डागांचा इलाज करायचाय, रंगाचा नाही.

खोल, दुखणाऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, किंवा पिंपल्सबरोबर पाळी अनियमित असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. थेट डॉक्टरांकडे जा. एका तपासणीचा खर्च हा वर्षभराच्या चुकीच्या डब्यांपेक्षा कमी असतो.

मुलाखतीचं गणित असं. पहिला आठवडा फक्त धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. चेहरा शांत झाला की दुसऱ्या आठवड्यापासून बेंझॉइल पेरॉक्साइड एक दिवसाआड. चेहरा कोरडा पडला तर दोन दिवस थांबून पुन्हा. नवे पिंपल्स महिन्याअखेर थोडे कमी होऊ लागतील, पूर्ण गुण त्यानंतरच दिसेल; डाग मात्र तेव्हाही असतील, त्यांना काही महिने लागतात. शेवटच्या आठवड्यात नवं काही सुरू करू नका आणि एकही पिंपल फोडू नका. आदल्या रात्री चेहरा धुवा, मॉइश्चरायझर लावा आणि लवकर झोपा. सकाळी छटा असलेलं सनस्क्रीन, आणि निघा.