बीपी दहा वर्षांचं की दहा महिन्यांचं?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. यावलला वडिलांना रात्री दम लागला, जळगावला ॲडमिट केलं, डिस्चार्ज कार्डावर बीपीमुळे हार्टचा आजार आणि हार्ट फेल्युअर लिहून आलं, आणि चार वर्षं जुन्या मेडिक्लेमचा क्लेम कंपनीने फेटाळला, का तर केस पेपरवर "बीपी १० वर्षांपासून" आहे आणि पॉलिसी घेतानाच्या फॉर्ममध्ये बीपी लिहिलेलंच नाही. काका म्हणतात त्यांनी कॅज्युअल्टीत "दहा-बारा महिने" सांगितलं होतं. असं होतं हो, त्या गडबडीत कोण नीट ऐकतं.

आधी एक, निदान बदलून आणायच्या भानगडीत पडू नका. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कप्प्याची भिंत जाड आलीय, ईसीजीतही तेच, मग निदान बरोबरच असणार. भांडण तारखेचं आहे, बीपी पॉलिसीच्या आधीचं की नंतरचं. कंपनी म्हणेल भिंत जाड व्हायला वर्षं लागतात. लागतात, पण बीपी काही न दुखता आतल्या आत वाढत राहतं, आणि जे माणसाला माहीतच नव्हतं ते त्याने लपवलं कसं? लपवलं हे सिद्ध करायचं कंपनीने.

हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पूर्ण इनडोअर केस पेपर (ॲडमिट असतानाच्या सगळ्या नोंदी) मागा, मेडिकल कौन्सिलच्या नियमाने ७२ तासांत द्यावे लागतात. हिस्ट्री, म्हणजे आधीच्या आजाराची माहिती, कुणी सांगितली, कुणी लिहिली ते बघा. चूक असेल तर डॉक्टरांनी वेगळ्या सही-तारखेच्या पत्रात खुलासा करावा, जुन्या कागदावर खाडाखोड अजिबात नको, तिथेच केस मरते. बीपीच्या गोळीची पहिली चिठ्ठी शोधा. आणि पॉलिसीनंतर वर्षभराने हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणता ना, त्याच्या फिटनेसच्या कागदावर बीपीचा आकडा असणारच, तो नॉर्मल निघाला आणि गोळी चालू असल्याची नोंद नसली तर ते सोनं समजा.

पण गोळी पॉलिसीच्या आधीपासून चालू असेल तर मला आत्ताच खरं सांगा. कंपनीचा माणूस यावलच्या मेडिकलवर चौकशी करतो, आणि आपल्याकडे कोण कुणाला ओळखत नाही?

आता आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी), वर्षाच्या आत, फी नाही आणि वकीलही चालत नाही (माझं नुकसान, पण तुमच्यासाठी तेच बरं). नाहीतर जळगावचं ग्राहक आयोग, तिथे मुदत २ वर्षं. क्लेम नाकारल्याच्या पत्रावरची तारीख तेवढी कळवा.