1 टीबीची डिस्क, मग 931 जीबीच का दिसते?

अरे, म्हापशातल्या दुकानदाराने तुला फसवलेलं नाही, डिस्क परत न्यायला धावू नको. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, म्हणजे 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि विंडोज तेच बाइट 1024 ने भागत जातं पण नाव जीबीच लावतं, म्हणून 931 दिसतात. मॅकला लावलीस तर हजाराचाच हिशेब, तिथे जवळपास पूर्ण दिसेल.

सध्या एवढंच पक्कं कर:

- बिट आणि बाइट वेगळे, 8 बिटचा 1 बाइट. नवीन लोकांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. नेटचा स्पीड बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये असते. 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला 100 मेगाबिट) लाइनवर सेकंदाला फार तर 12.5 एमबी उतरणार, म्हणजे तुझा शिगम्याचा 6 जीबीचा व्हिडिओ 8 मिनिटं तरी घेणारच. इंग्रजी बी लहान लिहिला असेल तर बिट, मोठा असेल तर बाइट, तेवढं नीट बघ.
- एका हिशेबात 1000 घे नाहीतर 1024, मध्येच बदलू नको.

गिबिबाइट, टेबिबाइट वगैरे 1024 च्या हिशेबाची नावं आत्ता सोड, नंतर सांगतो. आधी तुझ्याकडच्या मेमरी कार्डांवरचे आकडे स्वतः कागदावर काढून बघ, जमेल तुला.