गरिबीचा अभ्यास करायचाय, कोणती शाखा घेऊ?

प्रिय विद्यार्थिनी,

बारावीनंतर विकसनशील देशांतल्या गरिबीवर काम करायचं, असं तू लिहिलं आहेस. अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र की समाजकार्य, हे ठरत नाहीये. त्यात बाबा म्हणतात, 'लोकसंख्या वाढली म्हणून गरिबी, त्यात शिकण्यासारखं काय?'

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खाणारी तोंडं वाढली की एकाची कमाई पुरत नाही. पण जिथे मुलं जगतील याची खात्री नसते, म्हातारपणी दुसरा आधार नसतो, तिथे मुलंही जास्त होतात. बांगलादेशात १९७०च्या सुमारास एका बाईला सरासरी जवळपास सात मुलं होत. आज दोनच्या आसपास. यासाठी देश आधी श्रीमंत व्हावा लागला नाही. आरोग्यसेविका दारोदार गेल्या, बालमृत्यू घटले, मुली शाळेत टिकल्या, पुढे तयार कपड्यांच्या कारखान्यांत बायकांना पगार मिळू लागला. यातलं लोकसंख्येचं काय, शिक्षणाचं काय नि रोजगाराचं काय, हे वेगळं काढून दाखव बरं! ते सोडवणं हाच तुझा अभ्यास असेल.

रोजगाराबाबत एक गोष्ट आताच लक्षात घे. गरीब माणूस सहसा बेकार नसतो. बेकार राहणं त्याला परवडतच नाही. तो दिवसभर राबतो आणि तरी गरीब राहतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी लोक असंघटित, म्हणजे करार-संरक्षण नसलेल्या कामात होते, म्हणजे काम करणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त. बेकारीच्या दरात ही गरिबी दिसत नाही. नुसत्या उत्पन्नातही सगळं दिसत नाही, म्हणून तर पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९०पासून देशांची प्रगती मोजणाऱ्या मानव विकास निर्देशांकात आयुर्मान आणि शिक्षणही मोजलं जाऊ लागलं.

माझं मत: पदवीला अर्थशास्त्र घे, जोडीला संख्याशास्त्र हवंच. लोकसंख्याशास्त्र पदव्युत्तरला घेता येतं. समाजकार्याला वेगळा स्वभाव लागतो. तिथे तक्त्यांपेक्षा माणसांशी रोजची गाठ. सर्वेक्षणं, योजनांचं मूल्यमापन अशी सुरुवातीची कामं बरीचशी कंत्राटी असतात, हे बाबांना आधीच सांग.

अर्ज भरण्याआधी एक कर. अनेक देशांच्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचे अहवाल इंटरनेटवर मोफत मिळतात. एक डाउनलोड करून घे, दोन तास तक्ते वाच. प्रश्न पडत गेले तर ते लिहून मला पाठव. कंटाळा आला तर तसंही कळव, मग समाजकार्याचं आधी बोलू.