जँगोमध्ये (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) अ‍ॅटॉमिक ब्लॉक असूनही दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की स्टॉकचा आकडा चुकतो. डेटाबेसची आयसोलेशन लेव्हल (एकाच वेळी चाललेली ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती अलग ठेवायची ती पातळी) बदलू का?

लेव्हलला हात लावू नका, स्टॉकची ती रो (टेबलमधली ओळ) लॉक करा. अ‍ॅटॉमिक म्हणजे ‘सगळं होईल किंवा काहीच नाही’ एवढीच हमी. शेजारची रिक्वेस्ट त्याने थांबत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसची डीफॉल्ट लेव्हल रीड कमिटेड, म्हणजे कमिट (पक्का) झालेलाच डेटा वाचायचा. तिच्यात दोन्ही रिक्वेस्ट १० वाचतात, पायथनमध्ये एक वजा करतात आणि दोन्ही ९ लिहितात. विकल्या दोन, घटली एक! ब्लॉकच्या आत वाचतानाच सिलेक्ट फॉर अपडेट (वाचता वाचता रो लॉक करणारी क्वेरी) लावा, म्हणजे दुसरी रिक्वेस्ट पहिलीच्या कमिटपर्यंत थांबेल आणि मग ९ वाचेल. नुसती वजाबाकीच असेल तर जँगोचं एफ एक्स्प्रेशन जास्त सुटसुटीत. त्यात आकडा पायथनमध्ये न आणता हिशेब डेटाबेसच करतो. रिपीटेबल रीड ही जास्त कडक लेव्हल लावलीत तर पोस्टग्रेस दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला ४०००१ एरर (ट्रान्झॅक्शनची टक्कर झाल्याचा कोड) देऊन बाहेर काढतो, आणि जँगो आपणहून रीट्राय करत नाही, म्हणजे ते काम तुमच्याच गळ्यात. मायएसक्यूएल तर त्या लेव्हललाही हा घोळ गुपचूप होऊ देतो. एक मात्र बघा: टेस्ट एसक्यूलाइटवर चालवत असाल तर तिथे सिलेक्ट फॉर अपडेटचा काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे टेस्ट पास झाली म्हणून लॉक लागतोय असं समजू नका.