वापरलेल्या युकुलेलेची रास्त किंमत

प्रश्न : एका ओळखीच्या गृहस्थांकडे कॉन्सर्ट आकाराचे (नेहमीच्या लहान आकाराहून थोडे मोठे) वापरलेले युकुलेले, म्हणजे गिटारसारखे छोटे चार तारांचे वाद्य, आहे. नवे ७,००० रुपयांना मिळते. ते ४,५०० मागतात. घ्यावे का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : वाद्य निर्दोष असेल, तर माझ्या मते ही किंमत चालण्यासारखी आहे, मात्र तुलना त्याच मॉडेलच्या आजच्या बाजारभावाशीच करावी, विकणाऱ्याने पूर्वी काय मोजले होते त्याच्याशी नव्हे. गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, लाकूड फुगते व सांधे सुटतात, म्हणून तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहावा. तो आत शिरला, तर ब्रिज उचकटू लागला आहे असे समजून निम्म्याहून अधिक किंमत देऊ नये. नंतर प्रत्येक तार मोकळी आणि १२व्या फ्रेटवर (दांड्यावरील १२व्या आडव्या धातूपट्टीशी) दाबून वाजवावी. दुसरा सूर बरोबर एक सप्तक वर लागला नाही, तर ते वाद्य कितीही स्वस्त असले तरी सोडावे. पुढच्या छिद्राच्या कडेला लाकडाचे थर दिसले, तर ते प्लाय होय; विक्रेता ‘अख्खे लाकूड’ म्हणून जादा पैसे मागत असल्यास हे त्याला दाखवावे. जुन्या तारांची चिंता नको, नायलॉनच्या चार तारा स्वस्तात बदलता येतात.