ॲम्प्लिफायर चालू होत नाही, नवा फ्यूजही लगेच उडतो. काय तपासू?

आता आणखी फ्यूज वाया घालवू नका, आणि फ्यूजच्या जागी तार तर अजिबात नको.

आधी उडालेल्या फ्यूजची टोपी बघा. त्यावर ‘टी’ आहे की ‘एफ’? टोरॉइडल, म्हणजे गोल कड्यासारखा, ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतो, त्यामुळे ‘एफ’, म्हणजे झटकन उडणारा फ्यूज, सेट ठणठणीत असला तरी जाऊ शकतो. मागच्या पत्र्यावर छापलेलाच घाला.

‘टी’, म्हणजे सावकाश उडणारा, असूनही उडत असेल तर पुढे शॉर्ट आहे. स्पीकर काढा आणि फेजमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजला लावा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट पक्का.

प्लग काढा. दोन्ही मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून त्यांच्या टोकांवर १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने १० सेकंद धरा, मग मीटरने व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या पाडण्याची सवय वाईट. आता ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (आउटपुट बाजूच्या) तारा सोडवून टोकांना टेप लावा आणि पुन्हा सिरीज बल्बवर चालू करा. तरीही बल्ब भक्क पेटला तर बहुधा ट्रान्सफॉर्मर गेला. मंद राहिला तर प्लग काढून ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) मीटरच्या डायोड मोडवर तपासा: प्रत्येक डायोड एका दिशेने साधारण ०.५ व्होल्ट, उलट दिशेने काहीच नाही.

बहुतेक वेळा मात्र चोर आउटपुट ट्रान्झिस्टर निघतात, सी-५२०० आणि ए-१९४३ ही नेहमीची जोडी. कलेक्टर आणि एमिटर या पायांमध्ये दोन्ही दिशांनी शून्याजवळ ओहम म्हणजे गेला. एका बाजूला दोन-तीन समांतर असतील तर सगळेच शॉर्ट दिसतात, कारण त्यांचे एमिटर ०.२२ ओहमच्या रेझिस्टरांतून एकत्र येतात. एकेक काढूनच मोजा. त्या चॅनेलचे सगळे आउटपुट एकदम बदला. ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर), बेसचे आणि एमिटरचे रेझिस्टरही तपासा, नाहीतर नवे पुन्हा जळतील. बाजारात डुप्लिकेट सी-५२०० खूप, स्वस्तातला घेऊ नका. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रक विसरलात तर पुन्हा शॉर्ट.

जोडल्यावर पहिल्यांदा सिरीज बल्बवरच चालू करा. बल्ब मंदावला की स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा, मग बल्ब काढून पुन्हा मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर लावा.